निरंतर चेष्टा

मार्गशीर्ष लागला की पांढुर्ण्यातल्या आमच्या घरावरून संत्र्याच्या गाड्या जायला लागतात. वास आधी येतो, गाडी मागून. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसते. सून आतून ओरडते, "आई, धूळ खाऊन राहिल्या तुम्ही तिथं. आत या नं." मी म्हणते, "धूळ तू खा, मी वास खाऊन राहिली." चौऱ्याऐंशी वर्षं झाली. दात गेले, गुडघे गेले, पण जीभ अजून जागेवर आहे. एके काळी ही जीभ मला फार महागात पडणार होती. ते आठवायला मला एवढा वास पुरतो.

मागं नातू मोबाइलवर एका कचेरीच्या नव्या पाटीचा फोटो घेऊन आला होता. "आजी, पाह्य, आपण जिल्हा झालो." म्हटलं, बाबा, मी तर इथंच बसली होती, कधी झाली? तो हसला. पण खरंच सांगते, सौंसरहून लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, एवढाच काय तो माझा जन्माचा प्रवास. मी फारशी कुठं गेले नाही. राज्य, राजधानी, जिल्हा हेच माझ्याजवळून येत-जात राहिले.

पहिल्यांदा असं झालं ते छप्पन सालच्या दिवाळीत. मी मॅट्रिकला होते, सौंसरच्या हायस्कुलात. सुट्टी लागली तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. चकल्या-करंज्या संपवून शाळेत परत आलो तेव्हा भोपाळ. राज्याचं नाव मात्र तेच, मध्यप्रदेश. माझं आजोळ सावनेरचं. वसुबारसेला छोट्या रुळांच्या गाडीनं मामाकडं गेले तेव्हा सावनेर आपल्याच राज्यात होतं, भाऊबीज करून निघाले ती मुंबई राज्यातून. मांडीवरच्या डब्यातल्या मामीच्या करंज्यासुद्धा परराज्यातल्या झाल्या होत्या. आई त्या उघडून बघत म्हणाली, "चव तं तेच हाय वं."

हसायचो आम्ही, पण आतून वाईटही वाटायचं. कापड नागपूरचं, मोठा डॉक्टर नागपूरचा, संत्री जायची नागपूरला, लेकी दिलेल्या काटोल-सावनेरकडं. आता मॅट्रिकचे पेपर कुठून येतील, कोणत्या भाषेत येतील, कोणालाच धड माहीत नव्हतं. मोठी माणसं पारावर बसून गंभीर तोंडानं बोलायची. आणि शाळेत मात्र आम्हाला चेष्टेला नवीन विषय मिळाला होता.

आमचे ठोंबरे गुरुजी मराठी आणि भूगोल शिकवायचे. अंगानं पाप्याचं पितर, आणि आवाज असा की स्टेशनवर ऐकू जावा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर जुनाच नकाशा टांगला. नवा आला नव्हता. छडी नागपुरावर ठेवली आणि विचारलं, "बंडू, नागपूर आता कुठं हाय?"

शेवटच्या बाकावरचा बंडू घोरमाडे उठून म्हणाला, "होतं तिथंच हाय, गुरुजी."

वर्ग हसला. ठोंबरे गुरुजी हसले नाहीत. छडी नकाशावरून उचलून म्हणाले, "बस खाली. पैकीच्या पैकी."

असे होते आमचे गुरुजी. उशिरा आलेल्या मुलाला विचारायचे, "काऊन रे, घर तं शाळेमागे हाय तुह्यं?" तो म्हणायचा, "म्हूनच उशीर झाला गुरुजी, घंटी ऐकून निंगतो." त्यावर गुरुजी म्हणायचे, "उद्यापासून तुह्यं घर शाळेसमोर नेऊ आपण." त्यांच्या तासाला कोण कोणाची फिरकी घेतंय ते शेवटपर्यंत कळायचं नाही. पुढं मी स्वतः छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. ज्या वर्गात मुलं मास्तरणीची जरा थट्टा करतात, तो वर्ग शिकतो असा माझा अनुभव आहे. हे मत कोणाला पटत नाही. न पटो.

त्याच हिवाळ्यात तिवारी मास्साब आले. नरसिंगपूरकडचे. आम्हाला हिंदी शिकवायला. आम्हाला हिंदी येत नव्हती असं नाही हं. बाजारची येत होती, मारवाड्याच्या दुकानातली येत होती, तिकीटबाबूची येत होती. "कितने का दिया? दे दो ना भैया." पण ही हिंदी निराळीच, धोतर नेसून आलेली. उंच, सावळे, गळ्यात राखी रंगाचा मफलर, आणि दर वाक्यानंतर विचारायचे, "समझे कि नहीं समझे?" त्यांच्या जिभेला ळ यायचा नाही. काळबांडेचा कालबांडे झाला, बाळकृष्णचा बालकृष्ण.

पहिल्याच दिवशी त्यांनी हजेरी घेतली. वर्गात मुली आम्ही दोघीच, मी आणि शकू. मला दाराशी पोचायला जरासा उशीर झाला होता. त्यांनी रजिस्टरातून मान वर काढली आणि विचारलं, "कुसुम आई?"

त्यांचं म्हणणं, कुसुम आली का. पण चाळीस मराठी पोट्ट्यांनी ऐकलं ते "कुसुमआई". बंडूनं दाराकडं बोट दाखवून दोन्ही हात जोडले. "आली जी, कुसुमआई आली!" अख्खा वर्ग हात जोडून उभा. मास्साबांना वाटलं, इथं मुलींचा केवढा मान ठेवतात! ते खूश झाले. म्हणाले, "बहुत सुंदर प्रथा है." बस्स. मॅट्रिक होईपर्यंत मी चाळीस जणांची आई होते. अजून बाजारात एखादा काठी टेकत येणारा म्हातारा मला "काय म्हंते कुसुमआई" म्हणतो, आणि सुनेला वाटतं सासूबाईंना गावात काय मान आहे!

या सगळ्याचा मी सूड घेतला, आणि तो नेमका गरीब बिचाऱ्या मास्साबांवर घेतला. मला नकला करता यायच्या. जन्मजात खोड. मधल्या सुट्टीत शकूची ओढणी गळ्यात मफलरासारखी घालायची, डस्टर काखेत मारायचं, आणि व्यासपीठावर चढून सुरू: "कालबांडे! काले! बालकृष्ण! अरे यह बाक खाली है कि नहीं है? समझे कि नहीं समझे?" त्यावर "खाली काय आहे" म्हणून पोट्टे बाकाखाली वाकून बघायचे. हसून हसून शकूला उचकी लागायची. मला त्या हसण्याची चटक लागली होती. चाळीस लोक एका वेळी आपल्यामुळं हसतात, हे सुख ज्यानं घेतलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

एकदा अशीच रंगात आले होते आणि पोट्टे एकदम गप्प झाले. वळून पाहिलं तर दारात मास्साब. हातात वह्यांचा गठ्ठा. किती वेळचे उभे होते कोण जाणे. मी ओढणी काढली, डस्टर ठेवलं, जागेवर जाऊन बसले. त्यांनी खोकल्यासारखं केलं, आत आले आणि धडा सुरू केला. त्या दिवशी एकदाही "समझे कि नहीं समझे" म्हणाले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

आता बाबांबद्दल सांगितलं पाहिजे. आमचा संत्र्याचा बगीचा सौंसरच्या अगदी टोकाला. बाबा चौथी पास. वर्तमानपत्र बोट ठेवून वाचायचे, पण अख्खं वाचायचे, जाहिरातींसकट. आमच्या भावकीत सातवीच्या पुढं कोणी मुलगी गेली नव्हती. काटोलकडचं एक स्थळ दोन वर्षांपासून उंबऱ्यावर ताटकळत होतं. काका रोज येऊन म्हणायचा, "दादा, पोट्टी हातातून जाईन." बाबांनी त्याचं ऐकलं नाही, पण मला समोर बसवून सांगितलं होतं, "कुसमे, शाळेत जाय. मॅट्रिक होय. पन मास्तरची एक तक्रार आली नं, तं दुसऱ्या दिवशी पुस्तकं फडताळात अन तू संत्र्याच्या ढिगावर. मंग काटोलवाल्याले मी हाव म्हनतो." मला मॅट्रिक व्हायचं होतं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण व्हायचं होतं, इतकं की त्या इच्छेनं कधी कधी जेवण जायचं नाही.

पौषात सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं. गुण चांगले होते. खाली शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच हिंदीत लिहिलेलं होतं, तिवारी मास्साबांच्या गोल गोल अक्षरांत. मी ते वाटेतच दोनदा वाचलं. घरी येऊन पुस्तक लपवावं असंही मनात आलं. पण त्यावर पालकांची सही लागायची, आणि मॅट्रिकच्या फॉर्मवरही. फॉर्म भरायला आठवडाच उरला होता.

बाबा खाटेवर बसले. बोट ठेवलं. मोठ्यानं वाचलं, "निरंतर चेष्टा करती है. इसे और शिक्षा मिलनी चाहिए."

पुन्हा एकदा वाचलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "निरंतर. म्हंजे एक रोज नाही, रोजच. कोनाची चेष्टा करून राहिली तू शाळेत?"

आणि मी गाढवीण काय बोलून बसावं? "रोज नाही जी बाबा. कधीमधी."

झालं. माझ्याच तोंडानं मी कबूल झाले. आई दारात उभी होती, तिनं कपाळाला हात लावला. बाबांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. "इसे और शिक्षा मिलनी चाहिए. और म्हंजे आनखी. मास्तरनं देल्ली असंन थोडीशी. राहिलेली मी द्यावी म्हनून राहिला तो." त्यांनी पुस्तक मिटलं. माझ्या अंगाला बोट लावलं नाही. त्यांनी आयुष्यात कधी मारलं नाही मला. फक्त म्हणाले, "उद्यापासून शाळा नाही."

दुसऱ्या दिवशी मी संत्र्याच्या ढिगावर होते. मोठी एकीकडं, मधली एकीकडं, डागाळलेली बाजूला. पेटीत गवत घालायचं, वर फळं मांडायची. बायका गाणी म्हणत होत्या. हात गार पडले होते आणि नखांत सालीचा रस जाऊन झोंबत होता. दहाची घंटा बगीच्यापर्यंत ऐकू यायची. ती ऐकली आणि मला रडायला आलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "डोयाले हात नोको लावू वं, रस झोंबते." मला रागही येत होता. मास्साबांचा यायचा आणि लगेच माझाच यायचा. त्यांनी समोरासमोर कान उपटला असता तर चाललं असतं. असं कागदावर लिहून घरी पाठवायचं? मग वाटायचं, खोटं काय लिहिलं त्यांनी?

तिसऱ्या दिवशी शकू ठोंबरे गुरुजींना घेऊन आली. बाबांनी आदरानं बसायला खाट टाकली. गुरुजींनी प्रगतिपुस्तक मागितलं, चष्मा चढवला, वाचलं, आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता खाटेवरून संत्र्याच्या ढिगावर घसरले. दोन मोठी फळं फुटली. बाबांचं तोंड आणखी कडू झालं.

"अरे गणपतराव," गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "हे कौतुक हाय! त्यायच्या हिंदीत चेष्टा म्हंजे प्रयत्न. मेहनत. अन शिक्षा म्हंजे शिक्षण. पोट्टी सारखी मेहनत करते, हिले पुढं शिकवा, असं लिवलं हाय त्यानं!"

बाबांनी मात्र मान हलवली. "गुरुजी, तुमची गोठ मी आईकली. पन तुम्ही तं शिमग्याले जन्मलेले मानूस. मांगच्या साली तुम्हीच मले सांगतलं का संत्र्यायले थंडी लागू नये म्हून सरकार झाडायले टोप्या वाटून राहिलं. मी तहसीलीत जाऊन रांग इचारून आलो."

गुरुजींचं हसू पार मावळलं.

"अन दुसरं," बाबा म्हणाले, "पोट्टी माह्यापाशी कबूल झाली नं. कधीमधी करते म्हने. मेहनत कोनी कधीमधी करते का?"

गुरुजी चष्मा खिशात घालून उठले. जाताना मला कुंपणापाशी म्हणाले, "पाह्यली माही जन्माची कमाई? एवढ्या वर्सात एकदा खरं बोललो, तं कोनी आईकत नाही. कुसमे, ज्यानं लिवलं त्यालेच आन आता. शनिवार फॉर्मचा शेवटचा दिवस हाय."

गंमत बघा. बाजारच्या हिंदीत कोणी चेष्टा करत नव्हतं, कोशिश करत होतं. शिक्षा कोणाला नव्हती, पढाई होती. आणि लेकीला रागावण्याइतकी हिंदी बाबांना येत होती, तिचं कौतुक ऐकण्याइतकी येत नव्हती. आज घरात नातवंडं हिंदीत भांडतात आणि मराठीत जेवायला मागतात, त्यांना हे सांगितलं तर ते म्हणतात, आजी, डिक्शनरी नव्हती का? होती, बाळांनो. शाळेच्या कपाटात होती, आणि शाळा माझी बंद होती.

आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्यानं, बाबांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मास्तरनं शिकवलं हाय तं त्यायले दोन संत्री देऊन ये. बरोबर नाही दिसत." आणि पिशवी हातात दिली. आई कधी बाबांसमोर माझी बाजू घेऊन बोलली नाही. पण त्या पिशवीत तिनं सगळ्यात मोठी फळं घातली होती, पेटीतली काढून.

मास्साब एका खोलीत भाड्यानं राहायचे. बायकामुलं गावाकडं. शेगडीवर स्वतःच पोळ्या करत बसले होते, मफलर तोच, मात्र कमरेला गुंडाळलेला. मला आणि शकूला पाहून गडबडून उठले. "अरे कुसुम! चार दिन से कहाँ हो? तबीयत ठीक है?"

मी सांगितलं. मराठी-हिंदी जसं येईल तसं, एका दमात. त्यांना आधी कळेना. मग कळलं आणि ते हसले, "चेष्टा! हे भगवान! और शिक्षा माने सज़ा?" शकूही हसली. मग ते थांबले आणि माझ्याकडं बघून विचारलं, "पिताजी ने तो ऐसा समझा. तुमने भी यही समझा?"

"जी."

"क्यों?"

पोळी करपायला लागली होती. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. खरंच, का? ज्याच्या मनात काही नाही त्यानं कोणाला तरी विचारलं असतं, याचा अर्थ काय हो. मला एकदाही शंका आली नव्हती. चेष्टा हा शब्द वाचला आणि मला दारातले मास्साब दिसले, हातात वह्यांचा गठ्ठा घेतलेले. मी रडायला लागले. ते रडणं शाळेसाठी नव्हतं. या माणसानं परक्या गावात, आपल्या हातानं पोळ्या भाजून, माझ्याबद्दल एवढं चांगलं लिहिलं होतं, आणि मी रोज त्याला चाळीस पोट्ट्यांपुढं नाचवत होते. माफी मागावी असं ओठांपर्यंत आलं. मागितली नाही. पुढं उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, तेव्हाही मागितली नाही. आजपर्यंत मला त्याचं वाईट वाटतं.

त्यांनी चिमट्यानं पोळी उलटली. दुसरं काही विचारलं नाही. "शाम को आऊँगा. फॉर्म शाला से लेता आऊँगा. बगीचा किधर पड़ता है?"

उन्हं कलायच्या वेळी ते आले. बाबा पेट्यांना खिळे मारत होते. मी आणि आई ढिगापाशी. मास्साब खाटेवर अगदी कडेला बसले. आईनं चहा दिला. त्यांनी सावकाश, आमच्या भागातले शब्द शोधून शोधून समजावलं. चेष्टा म्हणजे प्रयत्न. शिक्षा म्हणजे पढाई. बाबा एकेक शब्द फळासारखा फिरवून बघत होते.

"मंग तुम्ही लोकं शिक्षेले का म्हंता?"

"सज़ा कहते हैं, भाऊ साहब."

"अन आमच्या चेष्टेले?"

"मज़ाक. हँसी-ठिठोली."

"हं," बाबा म्हणाले. हातोडी खाली ठेवली. मला वाटलं, सुटले. पण बाबा ते बाबा. त्यांनी धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "मास्तरसाब, तुमची गोठ पटली मले. तुम्ही तक्रार नाही लिवली. पन माही पोट्टी मले कबूल झाली हाय. आता तुम्हीच एक सांगा, खरं सांगा. आमच्या मराठीतली चेष्टा, ते करते का नाही हे शाळेत? तुमची करते का?"

आईचा हात थांबला. माझ्या मुठीत एक संत्रं होतं, ते मी इतकं आवळलं की रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. मास्साब नाही म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, आणि मला ठाऊक होतं की हा माणूस माझ्यासाठी खोटंही बोलेल. हो म्हणाले असते तर आज शुक्रवार होता, उद्या फॉर्म बंद, परवा काटोलवाले.

मास्साबांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"करती है, भाऊ साहब," ते म्हणाले. "मेरी ही करती है. मैंने दरवाज़े पर खड़े होकर देखी है, पूरी." मग जरा थांबून म्हणाले, "और उसमें भी बहुत चेष्टा करती है. मेरे घर में बच्चे हैं नहीं यहाँ. बहुत दिन बाद हँसी आई थी, तो खाँसना पड़ा."

चिंचेवर पोपट ओरडत होते. आईनं तोंडाला पदर लावला होता, तो रडण्यासाठी की हसण्यासाठी ते कळेना. बाबा खाली बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. मग लक्षात आलं, बाबा हसत होते. आवाज न करता, दात दाबून, ज्याला हसायची सवय नाही तसा माणूस हसतो तसे. हसून झालं तेव्हा त्यांनी डोळे पुसले, तोंड पुन्हा कडक केलं आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "असं हाय तं मंग हिले शिक्षा भेटलीच पाह्यजे."

हे कोणत्या भाषेत बोलले बाबा?

"द्या तो कागद," ते मास्साबांना म्हणाले.

मास्साबांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला फॉर्म काढला, दौत-टाकही आणला होता. बाबांनी फॉर्म संत्र्याच्या पेटीवर ठेवला, फळ्यांच्या फटीत टाक अडकू नये म्हणून खाली प्रगतिपुस्तक घेतलं, आणि जीभ दातात धरून, एकेक अक्षर वेगळं काढून सही केली. मास्साब टाकाकडं बघत होते, आई बघत होती, बायका काम टाकून बघत होत्या. शाई वाळेपर्यंत बाबांनी फुंकर घातली. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"मास्तरसाब, म्या तं मराठीत केली सही. आता ते भोपाळले चालंन का जी?"

मास्साबांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. त्या वाकड्यातिकड्या नावावरून स्वतःचं बोट फिरवलं, वाचताना बाबा फिरवायचे तसंच.

"चलेगी, भाऊ साहब," ते म्हणाले. "अक्षर तो एक ही हैं."

"अक्षरं एकच हायत?" बाबा त्यांच्याकडं बघतच राहिले. "मंग एवढा घोळ कायनं झाला जी?"

मास्साब फॉर्मची घडी घालता घालता हसले, या वेळी न खोकता. दुसऱ्या दिवशी दहाच्या घंटेला मी शाळेत होते.